मॉरीचं देणं

ज्या माणसाचं मी देणं लागतो, त्याचं नाव मला पहिल्यांदा भेटलं ते एका नकाशाच्या माथ्यावर, अगदी बारीक टाइपात. अमेरिकन पायलट चार्ट, हिंदी महासागर, जुलै महिना. तिथे छापलं होतं की या नकाशाचा पाया म्हणजे मॅथ्यू फॉन्टेन मॉरी यांनी एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या काळात, अमेरिकी नौदलात लेफ्टनंट असताना केलेलं संशोधन. मी तेव्हा नवाकोरा थर्ड मेट होतो. ‘लेफ्टनंट असताना’ हे शब्द डोळ्यांखालून गेले, अडकले नाहीत. मॉरीचं पुढचं आयुष्य कळल्यावर ध्यानात आलं की ती ओळ एखाद्या मुरलेल्या कारकुनानं लिहिलेली असणार. लेफ्टनंट होता तोवरचं त्याचं येणं आम्हांला मान्य. पुढचं खातं वेगळं.

ते पुढचं खातं मला बरीच वर्षं छळत आलंय. पण आधी पदरात काय पडलं ते सांगतो.

पायलट चार्ट हा रोजच्या चार्टसारखा नसतो. खडक, दीपगृहं, खोलीचे आकडे बघायला दुसरे चार्ट असतात. इथे समुद्राचे पाच-पाच अंशांचे चौकोन पाडलेले, आणि चौकोनाचौकोनात निळ्या बाणांचं एक चक्र. बाण जितका लांब तितका त्या दिशेचा वारा जास्त वेळा. शेपटीला जितकी पिसं तितका त्याचा जोर. मधल्या वर्तुळातला आकडा म्हणजे शंभरात किती वेळा वारा पडलेला होता. हिरवे बाण प्रवाहांचे. प्रत्येक महिन्याचा नकाशा वेगळा.

मी कोकणातला. आमच्याकडे मिरगाच्या आधी होड्या ओढून वर घेतात, झापांनी शाकारतात आणि नारळी पौर्णिमेपर्यंत दर्याकडे पाठ. माझ्या घरात कुणी बोटीवर नव्हतं, तरी गावाची ही वहिवाट अंगात होती. पावसाळ्यात बाहेर समुद्रात काय चालतं ते विचारायचं नाही. आणि माझ्या पहिल्याच वर्षी, ऐन जुलैत, आमचं जुनं मालवाहू जहाज मुंबईहून एडनकडे निघालं. इंजिनाची ताकद बेताची. कॅप्टन वेंगुर्ल्याकडचे होते, बोलायचे कमी. त्यांनी मला चार्टरूममध्ये बोलावलं, तो नकाशा पसरला आणि सोकोत्रा बेटाच्या भोवती बोट फिरवलं. पिसंच पिसं.

“इथून सरळ गेलो तर इंजिन पुढे ढकलणार नि वारा मागे. म्हणून आधी दक्षिणेला उतरायचं, मग पश्चिम धरायची. वाट लांबची, पण आपण लवकर पोचतो.” आणि नकाशा गुंडाळताना म्हणाले, “हा कागद आज काय होईल ते सांगत नाही हां. आजवर काय होत आलंय ते सांगतो. आजचं तू बाहेर विंगवर जाऊन बघ.”

बंद असलेल्या समुद्रात काय चालतं हे कुणीतरी, कधीतरी, विचारलं होतं. एवढंच नाही, ज्यांनी बघितलं त्यांच्याकडून ते लिहून घेतलं होतं. त्या जुलैत आम्ही धडपणे एडनला पोचलो, तिथून मी मॉरीचा ऋणी.

मॉरी व्हर्जिनियात १८०६ साली जन्मला आणि टेनेसीत शेतावर वाढला. थोरला भाऊ नौदलात होता. तो पिवळ्या तापानं गेला, त्यामुळे बापाचा या नोकरीला सक्त विरोध. तरी १८२५ मध्ये पोरगा गेलाच. ‘व्हिन्सेन्स’ या जहाजावरून पृथ्वीला फेरी मारून आला. १८३१ मध्ये ‘फाल्मथ’ जहाजावर मार्ग आखायचं काम त्याच्याकडे आलं. केप हॉर्नला वळसा घालून पॅसिफिकमध्ये जायचं होतं. तिथल्या वाऱ्यांची आणि प्रवाहांची माहिती निघण्यापूर्वी न्यूयॉर्कमध्ये मिळते का बघितलं, तर काही नाही. माहिती नव्हती असं नव्हे. केप हॉर्न वळलेल्या एकेका कप्तानाच्या डोक्यात ती होती. कप्तानाबरोबर ती निवृत्त व्हायची, नाहीतर बुडायची. मॉरीनं स्वतः वळसा घातला आणि त्यावर निबंध लिहून छापला.

१८३९ च्या ऑक्टोबरात ओहायोमध्ये त्याची घोडागाडी उलटली. उजवा पाय मांडीपासून कायमचा अधू झाला. वय तेहतीस. लंगडणाऱ्या अधिकाऱ्याला जहाज कोण देणार? मग टोपणनावानं नौदलाच्या कारभारावर सणसणीत लेख लिहिणं सुरू झालं. ते कुणाचे हे फुटायला वेळ लागला नाही, पण वाचणाऱ्यांना ते पटले. १८४२ मध्ये त्याला वॉशिंग्टनमधल्या नकाशे आणि उपकरणांच्या डेपोचा प्रमुख केलं. म्हणजे कागद सांभाळायचं काम.

त्या डेपोत जुन्या लॉगबुकांच्या चळती पडलेल्या होत्या. जहाज परतलं की लॉगबुक जमा करायचं, असा नियम. जमा झाल्यावर त्याचं काय करायचं, याचा नियम नाही. लॉगबुक म्हणजे काय ते मला ठाऊक आहे. रात्री बारा ते चारची वॉच संपवताना सेकंड मेट लिहितो: वारा नैर्ऋत्य, जोर सहा, समुद्र खवळलेला, अधूनमधून पाऊस. डोळ्यांवर झोप असते, बाहेर चीफ मेट कॉफीचा मग घेऊन उभा असतो. आपलं हे लिहिलेलं पुढे कुणी वाचेल, अशी लिहिणाऱ्याचीही अपेक्षा नसते. मॉरीनं ते वाचलं. एका जहाजाचं एका रात्रीचं लिहिणं किरकोळ. पण त्याच चौकोनातून, त्याच महिन्यात गेलेल्या शेकडो जहाजांचं एकत्र मांडलं की त्यातून वाऱ्याचा स्वभाव दिसतो. ही कल्पना आज सांगताना सोपी वाटते. ती त्याच्याआधी गोदामात वर्षानुवर्षं रचून ठेवलेली होती आणि कुणाला दिसली नव्हती.

१८४७ मध्ये त्याचा पहिला वारे-प्रवाहांचा नकाशा निघाला. मुरलेल्या कप्तानांनी नाकं मुरडली. बाल्टिमोरच्या एका जहाजानं तो घेऊन रिओ दी जानेरोची खेप केली, जाऊन-येऊन सुमारे महिनाभर वाचवला, आणि मग रांग लागली. १८५१ मध्ये ‘फ्लाइंग क्लाउड’ हे क्लिपर जहाज न्यूयॉर्कहून केप हॉर्नमार्गे ८९ दिवसांत सॅन फ्रान्सिस्कोला पोचलं. साधारण जहाजाला त्याच्या दुपटीहून जास्त लागत. त्या जहाजाचा मार्ग आखणारी होती कप्तानाची बायको, एलेनॉर क्रीझी. तिच्या हाताशी मॉरीच्या सूचना होत्या. हर्मन मेलव्हिलनं ‘मोबी डिक’च्या एका तळटीपेत लेफ्टनंट मॉरीची दखल घेतली आहे, कारण देवमासे कुठे, कोणत्या महिन्यात दिसतात याचाही नकाशा तो करत होता.

मला मोठेपणा वाटतो तो त्याच्या सौद्याचा. नकाशा फुकट. अट एकच: मी देतो त्या नमुन्यात रोजच्या नोंदी भरायच्या आणि खेप संपली की मला पाठवायच्या. म्हणजे ज्याला नकाशा मिळाला तो नकाशा करणाराही झाला. १८५३ मध्ये ब्रुसेल्सला दहा देशांचे प्रतिनिधी जमले आणि समुद्रावर हवामानाच्या नोंदी सगळ्यांनी एकाच पद्धतीनं घ्यायच्या, असं ठरलं. बहुतेक सगळे नौदलांचे अधिकारी, उद्या एकमेकांवर तोफा डागायची वेळ येईल असे. युद्ध झालं तरी या नोंदींचं काम चालू ठेवावं, अशीही तिथे अपेक्षा होती.

त्या ठरावाची शेपटी माझ्यापर्यंत आली. मुंबईत हवामान खात्याच्या बंदरावरच्या कचेरीतून आमच्या जहाजाला एक जाडजूड रजिस्टर, बॅरोमीटर आणि समुद्राचं पाणी काढायची बादली मिळालेली होती. ग्रीनिचच्या वेळेनं दर सहा तासांनी वारा, दाब, ढग, लाटा, हवेचं आणि पाण्याचं तापमान बघायचं, आकड्यांच्या सांकेतिक ओळींत बसवायचं आणि रेडिओ ऑफिसरकडे द्यायचं. तो मोर्सनं किनाऱ्याला कळवायचा. बरेच जण कंटाळत. मी ते मनापासून केलं. मॉरीचं देणं मी दर सहा तासांनी, हप्त्याहप्त्यानं फेडत होतो.

वॉचवर माझ्याबरोबर सुकाणूला रत्नागिरीकडचे एक वयस्कर सुखानी असत. सगळे त्यांना चाचा म्हणत, मीही. बादलीत थर्मामीटर बुडवून उभा राहिलो की विचारत, “साहेब, दर्याला ताप आलाय काय?” पण वारा नसताना खालून लांब लाट उठायला लागली की ती मला दिसण्याआधी त्यांना पायांतून कळायची. “दक्षिणेकडून येते. पुढे कुठेतरी मोठं चाललंय.” मी विंगवर जाऊन बघायचो, तासाभरात ती दिसायची, आणि मी रजिस्टरात भरायचो. नोंद त्यांची, सही माझी. मॉरीच्या त्या चळतींत असे किती चाचा असतील, याचा मी पुढे पुष्कळ विचार केला. गोरे, काळे, आणि इकडच्या समुद्रांतले आमचे लास्कर खलाशीही. त्यांची नावं कुठल्याच नकाशाच्या माथ्यावर नाहीत.

मॉरीच्या १८५५ च्या ‘फिजिकल जिऑग्राफी ऑफ द सी’ या पुस्तकात मुंबईही आहे. ‘बॉम्बे टाइम्स’चे संपादक डॉ. जॉर्ज बुइस्ट यांनी कुलाब्याच्या वेधशाळेचं काम पाहिलं होतं. मॉरी त्यांचा आधार घेतो. उन्हाळ्यात आशियाच्या आतल्या तापलेल्या प्रदेशांकडे वारा ओढला जातो आणि मान्सून उलटतो, हे त्यानं मोठ्या हौसेनं मांडलंय. सिद्धांत रचायला बसला की मात्र गडी वाहवत जाई. मध्येच बायबलमधली वचनं, मध्येच चुंबकत्व. त्याच्या काळातल्या शास्त्रज्ञांनी त्याला त्यावरून फटकारलं आणि बरंचसं पुढे खोटं ठरलं. आकडे टिकले.

इथवर सगळं छान होतं. मी मॉरीचा फोटोसुद्धा मिळवला असता.

पुढे चीफ मेट असताना आमचं जहाज कोळसा भरायला अमेरिकेत नॉरफोकला गेलं. धक्का रिकामा नव्हता, म्हणून बाहेर नांगरून होतो. एका खलाशी-क्लबातून जुन्या पुस्तकांचं खोकं जहाजावर आलं, त्यात मॉरीचं चरित्र. रात्री वाचायला घेतलं आणि १८६१ शी पोचलो.

१७ एप्रिलला व्हर्जिनियानं संघराज्यातून फुटून निघायचा ठराव केला. २० एप्रिलला मॉरीनं राजीनामा लिहिला, हाताखालच्या अधिकाऱ्याकडे वॉशिंग्टनमधली कचेरी सोपवली आणि रिचमंड गाठलं. पंचावन्न वर्षांचा, छत्तीस वर्षांची नोकरी झालेला माणूस. तो आततायी नव्हता. यादवी युद्ध टळावं म्हणून काही राज्यांच्या गव्हर्नरांना त्यानं मध्यस्थीची पत्रंही लिहिली होती. नौदल त्याच्याशी बरं वागलं होतं असंही नाही. १८५५ मध्ये पायाच्या कारणावरून त्याला बाजूला सारलं होतं. तीन वर्षं भांडून तो पुन्हा घेतला गेला, बढतीही मिळाली, पण मनातला सल कोण काढणार? आणि तिसरी वाटही उघडी होती. रशियाच्या ग्रँड ड्यूक कॉन्स्टंटाइननं त्याला आपल्याकडे बोलावलं: या, काम चालू ठेवा. मॉरीनं नम्रपणे नकार दिला. माझं राज्य अडचणीत आहे.

गावाच्या बाजूनं उभं राहणं कोकणातल्या माणसाला समजावून सांगावं लागत नाही. म्हणून त्या रात्री मी त्याला बराच वेळ सवलत दिली. मग फॅरागट आठवला. डेव्हिड फॅरागट टेनेसीत जन्मलेला, घर व्हर्जिनियातच, त्याच नॉरफोकमध्ये. तोही मुरलेला नौदल अधिकारी. त्याच एप्रिलमध्ये त्यानं बायकामुलांसह घर सोडलं आणि उत्तरेच्या नौदलात राहिला. तेव्हा ‘त्या काळात दुसरं कोण काय करणार होतं’ हे म्हणायची सोय राहत नाही. एकाच आठवड्यात दुसऱ्यानं दुसरं केलं होतं.

आणि दक्षिण लढत होती ती गुलामगिरी राखायला. मॉरीचे चाहते सांगतात की त्याला ती संस्था आवडत नव्हती, ती अमेरिकेतून जावी असंच तो म्हणे. जावी, पण कुठे? १८५० च्या सुमारास त्याचा बेत होता की दक्षिणेतल्या मळेवाल्यांनी आपले गुलाम घेऊन ॲमेझॉनच्या खोऱ्यात जावं. बायकोचा भाऊ लेफ्टनंट हर्नडन त्या नदीच्या पाहणीवर निघाला, तेव्हा मॉरीनं हे त्याला लिहून कळवलं. म्हणजे माणसं मोकळी करायची नव्हती, पत्ता बदलायचा होता. सगळे प्रवाह एका समुद्रातून दुसऱ्यात कसे वाहतात हे ज्यानं जगाला दाखवलं, त्यानं माणसांच्या बाबतीतही नकाशाच काढला.

पुढची पानं मी आणखी सावकाश वाचली. दक्षिणेकडे नौदल असं नव्हतंच. मॉरीनं सुचवलं की उत्तरेची जहाजं अडवायला पाण्याखाली सुरुंग पेरा. रिचमंडला चुलत भावाच्या घरी न्हाणीच्या टबात बारीकसारीक स्फोट करून त्यानं प्रयोग केले. आणि ७ जुलै १८६१ च्या रात्री, लंगडत्या पायानं, स्वतः होडीत बसून निघाला. हॅम्प्टन रोड्समध्ये उत्तरेची जहाजं नांगरून होती. दारूची पिंपं दोराला बांधून प्रवाहाबरोबर त्यांच्या दिशेनं सोडली. प्रवाह त्याच्याइतका कुणाला कळत होता? पिंपं फुटली नाहीत.

आमचं जहाज ज्या पाण्यात नांगरून होतं ते हॅम्प्टन रोड्सच. पुस्तक मिटून मी डेकवर आलो. त्या जहाजांवर झोपलेल्यांत असे अधिकारी असणारच की ज्यांनी वर्षानुवर्षं त्याच्या नमुन्यात नोंदी भरून त्याला पाठवल्या होत्या. त्यांच्या नोंदींवरून जे कळलं, ते त्यानं त्या रात्री त्यांच्यावरच वापरलं.

मला हे इतकं लागलं त्याला कारण आहे. १९८७ मध्ये मी टँकरवर सेकंड मेट होतो, आणि आम्ही इराणच्या आखातात जात-येत होतो. इराण-इराक युद्ध. त्या जुलैत ‘ब्रिजटन’ हा प्रचंड टँकर अमेरिकी युद्धनौकांच्या सोबतीत चालत असूनही पाणसुरुंगावर गेला. ऑगस्टमध्ये फुजैराच्या बाहेर, जिथे आम्ही सगळे निवांत नांगरून वाट बघायचो, तिथेही सुरुंग सापडले. पेरलेले सुरुंग १९०८ च्या रशियन घडणीच्या नमुन्यावरचे, काळे गोळे, अंगावर शिंगं. आमच्या जहाजावर उजाडल्यापासून दोन खलाशी नाळेवर दुर्बीण घेऊन उभे. रात्री त्याचाही उपयोग नाही. पोटात कच्चं तेल, आणि समोर दिसतो तो काळा ठिपका म्हणजे तेलाचं पिंप, मेलेली बकरी की दुसरं काही, हे ओळखायचं. चाचा तेव्हा दुसऱ्या जहाजावर होते, नाहीतर काहीतरी बोलले असते. आम्ही कुणी फारसं बोलत नव्हतो. जेवायला खाली मेसमध्ये न जाता लोक ताट घेऊन वर डेकवर बसत.

ते सुरुंग मॉरीनं शोधले असं मी म्हणत नाही. त्याच्याआधीही लोकांनी असले उद्योग केले होते. पण पाणसुरुंगाला खेळण्यातून शस्त्र करणाऱ्यांत त्याचा हात मोठा आहे. पुढे जेम्स नदीत त्यानं किनाऱ्यावरून विजेच्या तारेनं उडवायचे सुरुंग बसवले. दक्षिणेत अशी तार मिळत नव्हती. उत्तरेच्या लोकांनी चेसापीक उपसागरात टाकायला घेतलेली आणि सोडून दिलेली मैलोगणती तार नॉरफोकजवळच्या किनाऱ्यावर सापडली, तीच वापरली. त्याच्या मागून आलेल्यांनी ते काम पक्कं केलं. १८६४ च्या मे महिन्यात याच नदीत ‘कमोडोर जोन्स’ ही गनबोट एका स्फोटात उडाली, डझनावारी खलाशी गेले. त्या युद्धात उत्तरेची जितकी जहाजं सुरुंगांनी बुडवली तितकी तोफांनी नाही. दर्यावर्दी घरी सुखरूप लवकर पोचावा म्हणून अर्धं आयुष्य घालवलेल्या माणसाच्या हातून हे झालं.

त्याला स्वतःलाही युद्धानं सोडलं नाही. १८६२ च्या ऑक्टोबरात त्याला इंग्लंडला धाडलं, जहाजं विकत घ्यायला आणि मदत मिळवायला. तिथे असताना कळलं की मुलगा जॉन व्हिक्सबर्गजवळ टेहळणीला गेला तो परतला नाही. जानेवारी १८६३. शव मिळालं नाही, कुठे पडला ते कळलं नाही. याच बापानं, ‘सॅन फ्रान्सिस्को’ ही आगबोट वादळात निकामी होऊन भरकटली होती तेव्हा, प्रवाहाचा हिशेब करून ती कुठे असेल त्या जागी नकाशावर खूण केली होती, आणि शोध त्याच बाजूला लागला, असं त्याच्या चरित्रांत सांगतात.

युद्ध संपलं तेव्हा तो सुरुंगांचं नवं सामान घेऊन परत निघाला होता. मायदेशी जायची सोय नव्हती. मग मेक्सिकोत सम्राट मॅक्सिमिलियनच्या पदरी राहिला, हरलेल्या दाक्षिणात्यांच्या वसाहती वसवायच्या कामावर. वसाहतवाल्यांनी आणलेल्या मजुरांना पाच ते दहा वर्षांच्या करारानं बांधून ठेवायची मुभा तिथल्या फर्मानात होती. गुलामगिरी युद्धात हरली तरी या गृहस्थाच्या डोक्यातून गेली नव्हती, आणि इथे माझी सवलत संपते. वसाहत मोडली, तो इंग्लंडला गेला, केंब्रिजनं त्याला मानद डॉक्टरेट दिली, १८६८ मध्ये माफीचा फायदा घेऊन व्हर्जिनियाला परतला आणि लेक्सिंग्टनच्या लष्करी संस्थेत शिकवू लागला. शेवटच्या वर्षांत गावोगाव भाषणं देत फिरायचा: समुद्रावर केलं ते आता जमिनीवर करा, शेतकऱ्यांकडून हवामानाच्या नोंदी घ्या, त्यांना अंदाज द्या. हे काम पुन्हा चांगलं. १ फेब्रुवारी १८७३ ला तो गेला.

वॉशिंग्टनमध्ये त्याचे नकाशे १८६१ मध्येच थांबले होते. वीसेक वर्षं कुणी हात लावला नाही. १८८३ मध्ये नौदलाच्या जलालेखन कचेरीनं ते नव्यानं सुरू केले, आणि माथ्यावर ती ओळ आली.

बऱ्याच वर्षांनी नॉरफोकलाच माझा साइन-ऑफ झाला. विमानाला अवधी होता, टॅक्सी करून रिचमंडला गेलो. मॉन्युमेंट ॲव्हेन्यूवर तेव्हा दक्षिणेच्या सेनापतींची रांग होती, त्यात मॉरी, १९२९ मध्ये बसवलेला. सेनापती घोड्यांवर, हा खुर्चीत बसलेला, आणि डोक्यावर पृथ्वीचा गोल, वादळात सापडलेल्या माणसाजनावरांसह. टॅक्सीवाला काळा होता, माझ्याहून थोराड, आधी गोदीत काम केलेला. पुतळ्याजवळ गाडी थांबवून तो इंजिन चालू ठेवूनच बसला. मी म्हटलं, उतरत नाही का? जहाजांसाठी याचं मोठं काम आहे. तो म्हणाला, “तुझं त्याच्याकडे काम असेल. माझं नाही.” मी पुतळा बघून आलो, गाडीत बसलो. त्याला पुढे काही सांगायचा अधिकार मला नव्हता. मला मिळालेला नकाशा खरा आणि त्याच्या पणजोबांना मिळालेलं आयुष्यही खरं. माझ्या कृतज्ञतेतून त्याच्या वतीनं माफी देता येत नाही. परतीच्या वाटेवर आम्ही गोदीतल्या मजुरीच्या दरांबद्दल बोललो, त्यात आमचं एकमत होतं.

२ जुलै २०२० ला रिचमंड शहरानं तो पुतळा उतरवला. २०२३ मध्ये अनापोलिसच्या नौदल अकादमीतला मॉरी हॉल कार्टर हॉल झाला, आणि नौदलाच्या ‘मॉरी’ या सर्वेक्षण जहाजाला मारी थार्प यांचं नाव दिलं. जहाजाचं नाव बदलणं अपशकुनी, असं आमच्यातले जुने लोक मानतात. तरी मला विचारलं असतं तर मी होच म्हणालो असतो. थार्पबाई १९५० च्या दशकात न्यूयॉर्कजवळच्या लॅमाँट वेधशाळेत बसून अटलांटिकचा तळ कागदावर काढत होत्या. खोलीचे आकडे इतरांनी जहाजांवरून मोजून आणलेले; बाईमाणूस म्हणून त्यांना संशोधनाच्या जहाजावर घेत नसत. महासागराच्या मधल्या डोंगररांगेच्या माथ्यावरून एक खोल घळ जाते, हे त्यांना त्या आकड्यांत दिसलं. सहकाऱ्यानं आधी उडवून लावलं, मग मानलं. त्या डोंगररांगेचा पहिला अंधुक उंचवटा कागदावर आला होता तो त्याच्या शंभर वर्षं आधी, मॉरीच्या खोलीच्या नकाशात.

माझा भाचा सध्या बल्क कॅरियरवर सेकंड मेट आहे. मार्ग कंपनीच्या संगणकावरून ठरून येतो. मॉरी हे नाव त्यानं ऐकलेलं नव्हतं. गेल्या खेपेला घरी आला तेव्हा मी त्याला सगळं सांगितलं, चांगलं आधी आणि वाईट नंतर, काही न गाळता. त्यानं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, “मग मामा, तू कुणाच्या बाजूचा?”

“फॅरागटच्या,” मी म्हटलं. “पण सोकोत्राला मला फॅरागटनं वाट दाखवली नव्हती.”